भाजल्यावर आधी पाणी, मग पान

राजोडीच्या माणसाला केळीच्या पानाची ओळख करून द्यावी लागत नाही. वसईची राजेळी व तिची सुकेळी प्रसिद्धच आहेत. हेच पान मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, भाजलेल्या जखमांवर बांधले गेले. डॉ. माधुरी गोरे यांनी त्याचा अभ्यास केला; तो २००३ साली प्रसिद्ध झाला. पान मेणचट असल्यामुळे जखमेला चिकटत नाही आणि बदलताना रुग्णाला वेदना कमी होतात. जखमेवर चिकटलेली पट्टी सुटताना ज्याने पाहिली असेल त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण म्हणून कोणी कोयता घेऊन वाडीत धावू नये! ते पान निर्जंतुक केलेले होते, आणि त्याची पाळी येते ती रुग्णालयात. घरात पहिले औषध एकच, ते म्हणजे पाणी.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उकळते तेल हातावरून ओघळून गेले तरी त्याची उष्णता कातडीत राहते आणि आत आत भाजत जाते. वाहते गार पाणी ती उष्णता ओढून घेते. त्यासाठी वीस मिनिटे लागतात, घड्याळ लावून; दोन तांबे ओतून भागत नाही. प्रारंभी हे जमले नाही, तरी तीन तासांच्या आत केल्यास उपयोग होतो. बर्फ मात्र नको; त्याने रक्तवाहिन्या आकसतात व इजा वाढते. तूप, हळद, शाई, दंतमंजन यांचा आपल्याकडे फार लोभ. त्यांनी आग शमत नाही, उलट जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसेनासे होते, आणि तो लेप खरवडताना पुन्हा यातना होतात त्या वेगळ्याच.

पाणी सोडतानाच बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. सूज आली की त्या रुततात. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये, फोड फोडू नयेत. मग स्वच्छ, तंतू न सुटणारे कापड सैल झाकावे. मूल मोठ्या भागावर भाजले असेल, तर उरलेले अंग पांघरुणात ऊबदार ठेवावे. एरवी पाण्याने ते गारठते.

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे, किंवा दुसऱ्याने जाड घोंगडी गुंडाळावी.

चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले, अथवा रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठा भाग भाजला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती येईपर्यंत वीस मिनिटे पुरी झाली नसतील, तर नळ चालूच ठेवावा.