फुगा उचलतं कोण?

पहाटे ३.४५. गॅसच्या खोलीत शिरण्याआधी मोबाइल आणि चाव्यांचा जुडगा बाहेरच्या टेबलावर ठेवतो. अंगात सुती कपडेच हवेत. सिंथेटिक कापडावर साठलेल्या विजेची एक ठिणगी पडली तरी हायड्रोजन पेट घेतो. नवा माणूस वेधशाळेत आला की मी त्याला आधी हे शिकवतो, फुगा सोडणं नंतर.

४.१५. लॅटेक्सचा फुगा भरायला घेतो, अगदी सावकाश. गॅस किती भरायचा ते डोळ्यांनी ठरवत नाही. नोझलला ठरावीक वजन असतं. ते वजन फुग्याने उचलून धरलं की गॅस बंद. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या आसपास भरते आणि तेवढाच हायड्रोजन शंभर ग्रॅमसुद्धा नाही. माझी सगळी नोकरी या दोन आकड्यांमधल्या फरकावर चालते. शेजारी सहकारी रेडिओसोंडची, म्हणजे फुग्याला टांगायच्या छोट्या यंत्राची, बॅटरी जोडून त्याचं तापमान आणि आर्द्रता जमिनीवरच्या यंत्राशी ताडून पाहतो.

४.५०. फुगा सुटला. खाली पॅराशूट, मग लांब दोरी आणि टोकाला ते चिमुकलं यंत्र. पहिल्या काही सेकंदांतच तो दिव्यांच्या उजेडाबाहेर जातो. पुढचं सगळं पडद्यावर.

साडेपाच म्हणजे जागतिक वेळेचा शून्य तास. याच सुमारास जगभर शेकडो ठिकाणांहून असे फुगे वर गेलेले असतात. मिनिटाला साधारण तीनशे मीटर, हा आमच्या फुग्याचा वेग. गंमत म्हणजे वर हवा विरळ होत जाते, तरी हा वेग फारसा ढळत नाही. बाहेरचा दाब कमी होतो तसा फुगा फुगतो, जास्त जागा व्यापतो. त्यामुळे त्याने बाजूला सारलेल्या हवेचं वजन जवळपास तेवढंच राहतं. सुटताना दीड मीटर रुंद असलेला फुगा तीस किलोमीटरवर सहा मीटरच्याही पुढे जातो. तिथे दाब जमिनीवरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास उरलेला असतो.

सहाच्या आधीच सोळा-सतरा किलोमीटरची उंची येते आणि तापमान उणे पंच्याहत्तरच्याही खाली उतरतं. मग पडद्यावरची तापमानाची रेघ उलटी वळते, वर जावं तसं ऊबदार होऊ लागतं. इतकी वर्षं पाहूनही तो वळणबिंदू आला की मी खुर्चीत पुढे सरकतो. वादळी ढगांचा माथा ऐरणीसारखा पसरतो तो याच पातळीच्या आसपास, कारण इथून वर भोवतालची हवाच जास्त ऊबदार, म्हणजे हलकी असते. ढगातली हवा तिच्यात फार वर घुसू शकत नाही.

साडेसहाच्या आसपास फुगा फुटतो. संदेश गेला, चहा झाला. ८.३० ची नोंद: कोरडा तापमापक, ओला तापमापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक.

१०.००. आज शाळेची मुलं आली होती. त्यांना फुटलेल्या फुग्याचा तुकडा हाताळायला दिला. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “सर, याला गुरुत्वाकर्षण लागत नाही का?”

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं. मी म्हटलं, “लागतं. अगं, ते आहे म्हणून तर फुगा वर जातो.”

पृथ्वी फुग्यालाही ओढते, हवेलाही ओढते. या ओढीमुळे वरची हवा खालच्या हवेवर रेलते आणि खाली दाब जास्त होतो. म्हणून फुग्याला बुडाकडून मिळणारा रेटा माथ्याकडच्या रेट्यापेक्षा किंचित मोठा असतो. किती किंचित? दीड मीटरच्या फुग्यासाठी दाबातला हा फरक दहा हजारांत दोन भागही नाही. तेवढा पुरतो. आमटीवर तवंग येतो तोही तेलाला वर जायचं असतं म्हणून नव्हे, जड पाणी खालची जागा घेतं म्हणून. अंतराळयानात, जिथे वजनच जाणवत नाही, तिथे पाण्यातला बुडबुडा वर येत नाही आणि मेणबत्तीची ज्योत निमुळती न होता गोल राहते, कारण तापलेल्या हवेला वर सारणारं कुणी नसतं.

“मग ढग?” मागून एकाने विचारलं. ढगातले थेंब पडतच असतात, फक्त ते इतके बारीक असतात की सेकंदाला सेंटिमीटरभरच खाली येतात आणि वर येणारी हवा त्यांना सहज तोलून धरते. त्यात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी. दमट हवा जड असते असं आपल्याला वाटतं ते घामाने जीव नकोसा होतो म्हणून. तापमान आणि दाब तेच असतील, तर कोरड्यापेक्षा दमट हवाच हलकी भरते. मुलांना हे पटायला वेळ लागला. मी घाई केली नाही.

११.३० च्या नोंदीला डोंगरावर कापसासारखे ढग उभे राहू लागले होते. मे संपत आलाय. पहाटेच्या फुग्याने खाली भरपूर बाष्प आणि वर झपाट्याने थंड होत जाणारी हवा दाखवली होती. अशी हवा एकदा वर निघाली की वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेने भोवतालच्या हवेपेक्षा ऊबदार राहते आणि चढतच जाते. घारी पंख न हलवता घिरट्या घालत होत्या, तापलेल्या जमिनीवरून हवा उठतेय याची ती खूण.

१२.३०. पाळी सोपवली. वहीत लिहून ठेवलं: संध्याकाळी वळिवाची शक्यता. पाऊस धरला तर गॅस नेहमीपेक्षा थोडा जास्त भरावा, भिजलेल्या रबरावरचं पाणी फुग्याला जड होतं. विजा चमकत असतील तर सिलिंडरला हात लावू नये, फुगा उशिरा सोडला तरी चालेल.