फडताळावरील ध्वनिक्षेपक : मापन आणि समकरण

पुस्तकांच्या फडताळावर सहज मावेल अशा एका लाकडी पेटीतून सनईचा सूर, तबल्याची थाप आणि वृत्तनिवेदकाचे बोलणे ही सर्व ओळखू येतील अशी बाहेर पडतात, याचे आता कोणास नवल वाटत नाही. परंतु पेटी अल्प किमतीची असली म्हणजे काही दोष हटकून आढळतात. निवेदकाचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो, ‘स’ आणि ‘श’ कानाला बोचतात, डग्ग्याचा घुमारा हरवतो. अधिक पैसे मोजल्यावाचून हे दोष जात नाहीत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुष्कळ अंशी चुकीची होय. यांपैकी कित्येक दोष मोजता येतात, आणि विद्युत्संकेतातच उलट फेरफार करून नाहीसे करता येतात. या क्रियेस समकरण म्हणतात, आणि ती करणाऱ्या साधनास व्यवहारात इक्वलायझर म्हणतात. मात्र कोणता दोष असा पुसता येतो आणि कोणता येत नाही, हे न ओळखता केलेले समकरण मूळ दोषाहून वाईट ठरते. प्रसंगी त्यात ध्वनिक्षेपकच निकामी होतो.

आजच्या ध्वनिक्षेपकाची मूळ रचना राइस व केलॉग या अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली प्रसिद्ध केली. चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते; त्यातून संकेताचा प्रवाह गेला की ते मागेपुढे हलते व त्यास चिकटवलेला कागदी शंकू हवेला हलवतो. १९५४ च्या सुमारास एडगर विलचर यांनी बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगचे काम दिले, आणि लहान पेटीतूनही खर्जातील स्वर काढता येऊ लागले. फडताळावरील ध्वनिक्षेपकाचा खरा आरंभ येथून झाला. साधारणतः त्यात सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचा शंकू आणि उंच स्वरांसाठी २५ मिलिमीटरचा लहान घुमट असतो. दोघांत काम वाटून देणाऱ्या मंडलावर खर्च टाळण्याची पहिली कुऱ्हाड पडते. पुष्कळ स्वस्त पेट्यांत या मंडलाच्या जागी केवळ एक कंडेन्सर असतो. तो घुमटाला खालच्या स्वरांपासून वाचवतो. शंकूला मात्र वरचे स्वर कोणी अडवत नाही. शंकू त्या कंप्रतांना एकसंध न हलता जागोजागी वाकतो, आणि एखाद्या ठिकाणी घंटेसारखा निनादतो. कानाला बोचते ते बहुधा हेच.

दुसरा दोष भूमितीचा आहे. १०० हर्ट्झच्या, म्हणजे दर सेकंदास १०० कंपनांच्या, ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. १०,००० हर्ट्झची केवळ ३.४ सेंटिमीटर. वीस सेंटिमीटर रुंदीची पेटी लहान तरंगांना पुढे परतवते, पण मोठे तरंग तिला वळसा घालून मागे पसरतात. म्हणून मोकळ्या जागी ठेवलेल्या पेटीसमोर खालचे स्वर ६ डेसिबलपर्यंत उणे पडतात. तीच पेटी भिंतीलगतच्या फडताळावर ठेवली की भिंत त्यांतील बराच भाग परत देते.

एवढ्यासाठीच मापन हवे. मायक्रोफोन समोर ठेवून २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजवला म्हणजे मापन झाले, असे मात्र नाही. मायक्रोफोनला ध्वनिक्षेपक आणि खोली दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी प्रतिध्वनिरहित कक्ष असतात, ज्यांच्या भिंती ध्वनी गिळून टाकतात. सामान्य खोलीत ही उणीव काळाच्या हिशेबाने भरून काढतात. नोंदलेल्या सुरावरून संगणक असे काढतो की, एका क्षणिक टाळीला पेटीने कोणते उत्तर दिले असते. मग जमिनीवरून परतलेला ध्वनी पोहोचण्यापूर्वीचाच भाग ठेवून उरलेला कापून टाकतो.

पेटी व मायक्रोफोन जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर आणि एकमेकांपासून १ मीटर अंतरावर आहेत, असे समजू. जमिनीवरून येणाऱ्या ध्वनीचा मार्ग २.६ मीटरचा होतो. म्हणजे तो सरळ मार्गापेक्षा १.६ मीटर अधिक चालतो व सुमारे ४.६५ सहस्रांश सेकंद उशिरा येतो. एवढ्या वेळात ज्या कंपनाचे एक आवर्तनही पुरे होत नाही, त्याविषयी हे मापन काही सांगू शकत नाही. ती मर्यादा सुमारे २१५ हर्ट्झ येते. भिंती याहून जवळ असतील तर ती आणखी वर सरकते. त्याखालील स्वरांसाठी मायक्रोफोन शंकूच्या अगदी जवळ, एखाद्या सेंटिमीटरवर नेतात. तेथे खोलीचा हिस्सा नगण्य असतो. ही पद्धत कील यांनी १९७४ साली मांडली. पेटीला वायुछिद्र असेल तर त्याचे मापन वेगळे करून हिशेबात मिळवावे लागते.

एकाच दिशेचे मापनही अपुरे असते. कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी श्रोत्यांना पेट्या न दाखवता केवळ ऐकवल्या, आणि त्यांची पसंती मापनाशी ताडून पाहिली. १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात असे दिसले की, समोर सपाट आणि बाजूलाही तशीच सुरळीत आलेखरेषा असणाऱ्या पेट्या श्रोत्यांना अधिक आवडतात. जाहिरातीत छापलेले ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे शब्द मात्र काहीच सांगत नाहीत, कारण त्या पट्ट्यात किती डेसिबलचा चढउतार आहे हे त्यांत नसते.

आता दुरुस्तीकडे वळू. समजा, आलेखावर एक ४ डेसिबलचा उंचवटा आहे आणि तो समोर तसाच ३० व ६० अंशांवरही जवळजवळ जागच्या जागी दिसतो. तो शंकूच्या निनादाचा असण्याचा संभव मोठा. समकारकात तेवढ्याच रुंदीचा व खोलीचा उलटा खळगा दिला की उंचवटाही जातो आणि निनादाचे रेंगाळणेही थांबते. पेटीच्या रुंदीमुळे आलेली खालच्या स्वरांची उणीवही अशीच भरता येते. परंतु खळगा दिशेगणिक जागा बदलत असेल, तर तो शंकू व घुमट यांच्या तरंगांनी एकमेकांना छेद दिल्यामुळे पडलेला असतो. समकारक सर्व दिशांना सारखाच बदल करतो. त्यामुळे एका दिशेचा खड्डा भरताना दुसऱ्या दिशेला टेकडी उभी राहते.

भिंतीमुळे पडलेला खळगा तर अधिकच हट्टी असतो. पेटी मागच्या भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर असेल, तर १०७ हर्ट्झच्या आसपास परतलेला तरंग सरळ तरंगाच्या विरोधात येतो. तेथे शक्ती वाढवली तर परतणारा तरंगही त्याच प्रमाणात वाढतो, आणि खळगा जसाच्या तसा राहतो. येथे उपाय एकच, पेटी हलवणे.

खर्जाच्या बाबतीत मोह सर्वांत मोठा आणि धोकाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे दहापट शक्ती. जेथे ५ वॉट पुरत होते तेथे ५० वॉट लागतात, आणि वेटोळे तापून जळू शकते. शिवाय कंप्रता निम्मी झाली की तेवढाच आवाज काढण्यासाठी शंकूला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झला स्वस्थ चालणारा लहान शंकू ४० हर्ट्झला आपल्या मर्यादेवर आदळतो. म्हणून जाणकार उंचवटे कापतात, खळगे क्वचितच भरतात, आणि पेटीच्या आवाक्याखालील स्वर संकेतातूनच वगळतात.

अखेर कानाची साक्ष काढताना दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा आवाज आधी समान पातळीवर आणावा लागतो, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच सरस भासतो. पेटीची जागा बदलली तर खालच्या स्वरांचे समकरण नव्याने करावे लागते. शंकूच्या निनादावरील दुरुस्ती मात्र पेटीबरोबर कोठेही नेता येते.