१३८ कोटी लिटरांचा हिशेब

सप्टेंबर २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गाईच्या दुधाच्या अनुदानासाठी ९६५ कोटी २४ लाख रुपये मंजूर केले. अनुदान तेव्हा लिटरला सात रुपये होतं. भागाकार केला की सुमारे १३८ कोटी लिटर दूध येतं. वीस हजार लिटरचा टँकर धरला तर ६९ हजार टँकर. एकेक टँकर दहा मीटर लांब मानून ते एकामागे एक उभे केले, तर रांग ६९० किलोमीटर भरते. समृद्धी महामार्ग आहे ७०१ किलोमीटरचा. नागपूरहून लावायला घेतलेली ही रांग भिवंडीच्या अलीकडे, आमण्याजवळ येऊन संपेल.

आता हे सात रुपये संगमनेर-राहात्याकडच्या एखाद्या गोठ्यात नेऊ. दोन गाई दुधात, दोन्ही वेळचं मिळून वीस लिटर दूध. अनुदान झालं दिवसाला १४० रुपये, महिन्याला ४,२००. तेही सगळं नीट जुळलं तर. गाईच्या कानात बिल्ला हवा होता, त्यावरचा बारा आकडी क्रमांक शेतकऱ्याच्या आधारशी आणि बँक खात्याशी जोडलेला हवा होता, संकलन केंद्राने पोर्टलवर भरलेली माहिती वर पोचलेली हवी होती. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. अनुदान त्यासोबत येत नव्हतं, ते मागाहून यायचं. शिवाय ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) लागलं तरच पूर्ण दर. खाली आलं की पॉइंटामागे कापाकापी.

लिटरवर दिलेला पैसा ज्याच्याकडे लिटर जास्त त्याच्याकडे जातो, हे उघडच आहे. अमेरिकेने त्यावर मर्यादा घातली आहे, पण ती मर्यादाच बघा. तिथे दुधाचा भाव आणि चाऱ्याचा खर्च यांतलं अंतर ठरावीक पातळीखाली गेलं की फरकाची भरपाई मिळते. २०१८च्या शेती कायद्याने लहान उत्पादकांसाठी स्वस्त हप्त्याचं संरक्षण ठेवलं ते वर्षाला ५० लाख पौंड दुधापर्यंत. म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. तिथल्या गाईच्या हिशेबाने साधारण दोनशे गाई. आपल्याकडे वर्षभर रोज वीस लिटर घालणारी तीनशे घरं! अमेरिकेतला ‘लहान’ गोठा हा असा. २०२६पासून ती मर्यादा ६० लाख पौंडांवर नेली आहे.

आपल्याकडची खरी गंमत मात्र सात रुपयांतच आहे. जुलै २०२३मध्ये सरकारने दुधाला किमान ३४ रुपये ठरवून दिले. पुढे दुधाचे दर पडले आणि वर्षअखेरीस ते २७च्या आसपास आले. जानेवारी २०२४मध्ये पाच रुपयांचं अनुदान सुरू झालं. जुलैत नवा हिशेब लागला: डेअऱ्यांनी ३० द्यायचे, सरकारने पाच. एकूण ३५. तेव्हा अकोले तालुक्यातल्या कोतूळला शेतकरी ४० रुपयांसाठी आंदोलनाला बसले होते. ऑक्टोबरपासून अनुदान पाचाचं सात झालं. पण त्याच निर्णयात डेअऱ्यांचा दर ३०वरून २८वर उतरवला. एकूण पुन्हा ३५.

वाढलेले दोन रुपये गेले कुठे? मंजूर रकमेतल्या १३८ कोटी लिटरांना दोनने गुणा: २७६ कोटी रुपये. एवढा भार डेअऱ्यांच्या खांद्यावरून सरकारी तिजोरीवर आला आणि गोठ्यात एक पैसाही जास्त पोचला नाही. उलट ३० रुपये हातात पडत होते ते २८ झाले, आणि उरलेल्या सातांसाठी पोर्टलकडे डोळे लावून बसणं आलं. दूध भुकटीचे भाव पडल्याने डेअऱ्या अडचणीत होत्या हे खरं; पण मग ती मदत डेअऱ्यांची म्हणून जाहीर करायला हवी होती, शेतकऱ्याच्या नावावर नव्हे.

यापुढे दुधाचं अनुदान वाढल्याची बातमी आली, तर त्याच निर्णयात खरेदीदर किती ठेवलाय तेवढं आधी वाचा.