फ्लॅटची जाहिरात, रहिवाशांचा ग्रुप आणि पाण्याचा टँकर

आजच्या विषयाच्या पत्रिकेवर "समाजमाध्यमांद्वारे गृहसंकुलांचे विपणन व रहिवासी-सहभाग" असं छापलेलं आहे. विपणन हा शब्द आपण आजपुरता बाजूला ठेवू. लोह्यात कुणी विपणन करत नाही, जाहिरात करतं. फ्लॅटची करतं, रो-हाऊसची करतं, आणि त्याहून जास्त एन.ए. प्लॉटची करतं. आपल्याकडे माणूस अजून आधी जमीन बघतो. चौथ्या मजल्यावरचं घर ही गोष्ट नांदेड-लातूरला जितकी अंगवळणी पडली आहे तितकी इथे पडलेली नाही. त्यामुळे आपण जे बोलणार ते फ्लॅटबद्दल असलं तरी प्लॉटवाल्यांनीही ऐकावं, कायदा दोघांना सारखाच लागतो.

साधारण समजूत अशी असते की समाजमाध्यमाची दोन वेगळी कामं आहेत. घर विकेपर्यंत रील आणि फेसबुकची जाहिरात, घर विकल्यावर रहिवाशांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पहिलं काम बिल्डरचं, दुसरं सोसायटीचं. आमचं म्हणणं आहे की लहान गावात ही दोन कामं वेगळी राहतच नाहीत. पहिल्या इमारतीच्या ग्रुपवर जे चालतं, तेच दुसऱ्या इमारतीची जाहिरात ठरतं. कसं, ते सांगतो.

घर घेणारा कोण असतो ते आधी बघू. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला. आई-वडील लोहा, कंधार, अहमदपूरकडचे. घर नांदेडला किंवा लोह्याला घ्यायचं, म्हातारपणी दवाखाना जवळ पाहिजे म्हणून. रील मुलगा बघतो, जागा वडील बघून येतात, आणि आई विचारते की पाणी कुठून येतं. मग शेवटी काय होतं? त्याच बिल्डरच्या आधीच्या इमारतीत राहणारा कुणीतरी पाव्हणा निघतो. त्याला फोन जातो. तो पाव्हणा ज्या ग्रुपमध्ये आहे, त्या ग्रुपवर गेल्या सहा महिन्यांत काय झालं ते सगळं त्या एका फोनमध्ये येतं. ड्रोनने घेतलेल्या व्हिडिओवर केलेला खर्च त्या पाच मिनिटांत वसूल होतो किंवा वाया जातो.

हे काही नवं नाही. माळेगावची खंडोबाची यात्रा आपल्याच तालुक्यातली. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, घोड्यांचा बाजार भरतो. तिथे विकणारा घोड्याचं कौतुक करतो ते कुणी मनावर घेत नाही. घेणारा दात बघतो, चालवून बघतो आणि विकणाऱ्याच्या गावचा माणूस शोधतो. फरक एवढाच की तेव्हा विकणाऱ्याचं बोलणं हवेत जायचं. आता ते लेखी राहतं, तारखेसकट.

इथेच कायदा येतो, आणि इथे जरा थांबावं लागेल. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ सालचा, ज्याला आपण रेरा म्हणतो. महाराष्ट्रात महारेरा प्राधिकरण २०१७ च्या मे महिन्यापासून काम करतं. या कायद्यात जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातली प्रसिद्धी अशी आहे. म्हणजे पेपरातली अर्धं पान जाहिरात जशी जाहिरात, तसंच व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस, इन्स्टाग्रामची रील आणि एजंटाने दोनशे जणांना पाठवलेलं फोटोकार्डही जाहिरातच.

कलम ३ सांगतं की नोंदणीआधी प्रकल्पाची जाहिरात करायची नाही आणि बुकिंगही घ्यायचं नाही. "लवकरच येत आहे, पहिल्या दहा जणांना खास दर" ही पोस्ट नोंदणीशिवाय टाकली तर ती उत्साहाच्या भरात झालेली चूक म्हणून सोडून देता येत नाही. नोंदणी न करण्याचा दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नोंदणी झाल्यावर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराचं संकेतस्थळ द्यावं लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. तो कोड मोबाईलने स्कॅन केला की मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख, किती फ्लॅट बुक झाले, दर तिमाहीला काम कुठवर आलं, हे घरबसल्या दिसतं. एजंटालाही स्वतंत्र नोंदणी लागते, हे आपल्याकडे पुष्कळांच्या गावीही नसतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं कलम १२. जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई मिळते. त्याला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या कर्जाच्या सर्वोच्च मूळ दरावर २ टक्के अधिक, असं ठरलेलं आहे.

आता "चोवीस तास पाणी" हे तीन शब्द घ्या. मुंबईच्या जाहिरातीत ते सहज खपून जातात. आपल्याकडे? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. सुरुवातीच्या फेऱ्या दहा डब्यांच्या, पाच लाख लिटरच्या. नंतर पन्नास डबे. ज्या माणसाने ते दिवस काढले, त्याला बोअर किती फूट आहे, उन्हाळ्यात टिकते का, टाकी किती लिटरची, टँकर लागला तर खर्च कुणाचा, एवढंच ऐकायचं असतं. बिल्डर मित्रांना आमचं सांगणं आहे की "चोवीस तास पाणी" लिहू नका. "नगरपरिषदेचं पाणी अमुक दिवसाआड येतं, बोअर इतकी, टाकी इतकी" असं लिहा. ते वाचून चार गिऱ्हाइकं कमी येतील, पण जी येतील ती टिकतील, आणि उद्या कुणी स्क्रीनशॉट पुढे ठेवला तर घाम फुटणार नाही.

तसंच बांधकामाचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागात कुणी विसरलेलं नाही. किल्लारीनंतर आपल्याकडचा माणूस खांब आणि लोखंड या गोष्टी बारकाईने बघतो. मग पायाचे, सळयांचे, काँक्रीटवर पाणी मारतानाचे फोटो का टाकत नाहीत? महिन्यातून एकदा, त्याच कोपऱ्यातून काढलेला एक फोटो, खाली तारीख. पुण्यातला मुलगा त्यासाठी वाट बघत बसतो, कारण त्याचा हप्ता सुरू झालेला असतो. संगणकावर काढलेल्या चित्रातली झाडं आणि कारंजं त्याच्या काही कामाची नाहीत. क्षेत्रफळ सांगताना चटई क्षेत्रच सांगा. सुपर बिल्ट-अपचा हिशेब रेराला मान्य नाही. भाषा आपली ठेवा. उगाच इंग्रजी घोषवाक्यं कशाला?

कुणा लोकप्रिय रीलवाल्याला पैसे देऊन व्हिडिओ करून घेणार असाल तर तो पैसे घेऊन केला आहे हे त्यात दिसलं पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, ती करणाऱ्यालाही, १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावातल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. ते बिचारे पाच हजारात "शहरातला सगळ्यात भारी प्रकल्प" म्हणून मोकळे होतात.

आता ग्रुपकडे येऊ. ताबा दिला की बिल्डरचं कार्यालय एक ग्रुप काढतं. इथपर्यंत ठीक. पण अ‍ॅडमिन तेच, आणि पहिली गळतीची तक्रार आली की "फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात" ही सोय चालू होते. मग त्याच ग्रुपवरचे गणपतीतले फोटो, मुलांच्या नाचाचे व्हिडिओ पुढच्या प्रकल्पाच्या जाहिरातीत दिसतात, न विचारता. आमच्या मते हे मुळातच चुकीचं आहे. ज्यांचं घर त्यांचा ग्रुप. निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाल्यावर तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था उभी राहण्यासाठी बिल्डरने पावलं उचलायची असतात. संस्था झाली की ग्रुपही संस्थेच्या हाती गेला पाहिजे. बिल्डरचा एक माणूस तक्रारी ऐकायला जरूर असावा, पण अ‍ॅडमिन म्हणून नको. फोटोसाठी विचारावं, आणि मुलांचे फोटो शक्यतो नकोच.

दोन ग्रुप केलेले बरे. एकावर फक्त सूचना: टँकर किती वाजता, लिफ्ट कधी दुरुस्त होणार, या महिन्याचं वीजबिल किती आलं, मेंटेनन्समधून काय खर्च झालं, पावतीच्या फोटोसह. दुसऱ्यावर बाकी सगळं: शुभ सकाळ, लग्नपत्रिका, राजकारण. हिशेबाचा फोटो दर महिन्याला पडला की भांडणं आपोआप कमी होतात असं आम्ही म्हणणार नाही, पण भांडायला विषय कमी उरतात.

थकबाकीदाराचं नाव ग्रुपवर टाकून त्याची थट्टा करू नका. बदनामीचा गुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवरही होतो. वसुलीसाठी सहकार कायद्यात कलम १५४ब-२९ आहे. निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेऊन रक्कम जमीन महसुलासारखी वसूल होते. अ‍ॅडमिनला मात्र सारखी भीती असते की दुसऱ्याने काही टाकलं तर आपण अडकू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी, त्यात स्वतःचा हात नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. आणखी एक. वार्षिक सभेची सूचना ग्रुपवर टाकली म्हणजे काम झालं असं नाही. उपविधींप्रमाणे चौदा दिवस आधी रीतसर नोटीस द्यावी लागते. ग्रुप हा फार तर आठवण करून द्यायला.

आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न आला आहे: "गळतीची तक्रार ग्रुपवर टाकली, सहा महिने झाले, काय करावं?" रेराच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणून दिला तर बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ग्रुपवरचा संदेश वर सरकून जातो. फोटो काढा, तारीख घाला, पत्र लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मग त्या पत्राचा फोटो ग्रुपवर टाका.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतून, आणि तो खास आपल्याकडचा आहे: "सहा फ्लॅटची इमारत आहे, जाहिरातीत रेरा क्रमांकच नाही. फसवणूक आहे का?" तसंच म्हणता येत नाही. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी लागत नाही. लोह्यासारख्या ठिकाणी अशा इमारती खूप. पण मग क्यूआर कोड नाही, तिमाही माहिती नाही, सगळं आपल्यालाच बघावं लागतं. नगरपरिषदेची बांधकाम परवानगी बघा, एन.ए. आदेश बघा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचं ते बघा, बँकेचा बोजा आहे का ते दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊन बघा. आणि जाहिरातीची प्रत, रील असो की स्टेटस, बुकिंगचे पैसे देण्याआधीच मोबाईलमध्ये साठवून ठेवा. स्टेटस चोवीस तासांत जातं.