'सायलेन्सर' ह्या शब्दाची व्याप्ती : रॅली-मोटारींचे नियम आणि नांदेड-लातूरचा रस्ता

यंत्रविषयक परकी शब्द भाषेत रूढ होतात तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची व्याख्याही येतेच असे नाही. शब्द येतो, वस्तू येते, आणि दोहोंचा संबंध लोक आपल्या सोयीने पुन्हा जुळवून घेतात. एरवी ह्यात काही बिघडत नाही. परंतु त्याच शब्दाच्या आधारे जेव्हा नियम रचला जातो आणि त्या नियमाच्या भंगाबद्दल दंड होतो, तेव्हा शब्दाची व्याप्ती हा केवळ कोशकाराच्या आस्थेचा प्रश्न राहत नाही. 'सायलेन्सर' हा असाच एक शब्द होय. त्याचे तीन निरनिराळे अर्थ तीन निरनिराळ्या ठिकाणी चालू आहेत : एक मोटारींच्या रॅली-स्पर्धांच्या नियमसंग्रहात, दुसरा भारतीय मोटार-वाहन नियमांत, आणि तिसरा नांदेड-लातूरच्या रस्त्यावर व गॅरेजांत.

प्रथम 'रॅली' ह्या शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. कारण मराठवाड्यात 'मोटारसायकल रॅली' म्हटले की जयंतीच्या, निवडणुकीच्या किंवा १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या मिरवणुकीचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. येथे अभिप्रेत असलेली रॅली ही वेगाची स्पर्धा आहे. तिचे काही टप्पे वाहतूक बंद केलेल्या मार्गावर धावावयाचे असतात. त्यांवर सेकंदांचा हिशेब होतो. मात्र एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे जाताना तीच मोटार खुल्या सार्वजनिक रस्त्याने, बैलगाडी आणि एस.टी. ह्यांच्या सोबतीने, वाहतुकीचे सर्व नियम पाळून चालवावी लागते. २०१० नंतरच्या दशकात नाशिक परिसरात राष्ट्रीय मालिकेतील अशा स्पर्धा झाल्या आहेत. बंदिस्त धावपट्टीवरील शर्यतीच्या गाडीला नोंदणीक्रमांकाची गरज नसते. रॅलीच्या गाडीला असते. ती एकाच वेळी दोन कायद्यांची प्रजा असते, आणि तिच्या धूरनळीच्या नियमांत हे दुहेरी प्रजापण स्पष्ट उमटलेले दिसते.

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने १९८२ साली स्पर्धेच्या मोटारींचे नवे वर्ग पाडले. त्यांतील 'एन' वर्ग हा कारखान्यातून विक्रीसाठी मोठ्या संख्येने बाहेर पडणाऱ्या, जवळजवळ जशाच्या तशा मोटारींचा होता. पुढे वर्गांची नावे बदलली. २०२२ पासून सर्वोच्च वर्ग 'रॅली१' ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. तथापि 'विक्रीच्या गाडीत किती फेरफार चालेल' ह्या प्रश्नाचे सर्वांत काटेकोर उत्तर शोधावयाचे तर 'एन' वर्गाच्या नियमांकडेच वळावे लागते.

ह्या नियमांची वाक्यरचना लक्षणीय आहे. त्यांचे मूलसूत्र असे की, जो फेरफार स्पष्ट शब्दांत अनुज्ञात नाही तो निषिद्ध समजावा. आणि अनुज्ञात फेरफार करताना दुसरा अननुज्ञात फेरफार ओघाने करावा लागत असेल, तर तोही चालणार नाही. मीमांसेचा परिचय असलेल्यास येथे परिसंख्याविधीची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. पाच पंचनखी प्राणी भक्ष्य आहेत असे शास्त्र सांगते, तेव्हा त्याचा रोख त्या पाचांच्या भक्षणाकडे नसून इतरांच्या वर्जनाकडे असतो, असे मीमांसक मानतात. रूप अनुज्ञेचे, तात्पर्य निषेधाचे. रॅलीच्या नियमांत 'अमुक करता येईल' असे जेथे जेथे म्हटले आहे, तेथे तेथे वाचकाने हाच अर्थ घ्यावयाचा असतो. फरक एवढाच की, मीमांसकांना जे अनुमानाने काढावे लागले ते ह्या नियमकर्त्यांनी आरंभीच सांगून टाकले आहे.

आता धूरनळीचे कलम पाहावे. 'एन' वर्गात मूळ सायलेन्सरच्या आतील भाग काढून टाकण्याची, अथवा पहिल्या सायलेन्सरपासून नळीच्या मुखापर्यंतचा मार्ग बदलण्याची मुभा होती. परंतु बदललेल्या नळीचा व्यास पहिल्या सायलेन्सरच्या अलीकडे असलेल्या मूळ नळीपेक्षा मोठा असता कामा नये. मुख मूळ जागीच असावे. त्यासाठी गाडीच्या सांगाड्याला हात लावू नये. आणि आवाजाच्या बाबतीत ज्या देशात स्पर्धा होत असेल त्या देशाचा कायदा पाळला जावा, अशा अटी होत्या. इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या दृष्टीने ह्यांतील पहिली अट निर्णायक होय. सिलिंडरमधील जळालेला वायू झडप उघडताच दाबाने बाहेर पडतो. त्याला जितका मोकळा मार्ग मिळेल तितका सिलिंडर अधिक रिकामा होतो आणि पुढील खेपेस अधिक ताजे मिश्रण आत घेतो. म्हणून स्पर्धकाला रुंद नळी हवी असते. नियम त्याला मार्ग बदलू देतो, पण मार्गाचे तोंड रुंद करू देत नाही.

येथे 'मूळ' ह्या विशेषणावर सर्व भार आहे. मूळ कोणते हे ठरविण्यासाठी प्रत्येक नमुन्याच्या मोटारीचे एक प्रमाणपत्रक असते. कारखान्याने दिलेली मापे, छायाचित्रे आणि आकृत्या त्यात नोंदविलेल्या असतात. त्या प्रमाणनाला 'होमोलोगेशन' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'तेच बोलणे', 'संमत होणे' असा आहे. 'एकवाक्यता' हा आपल्याकडील जुना शब्द त्याच्या फार जवळ जातो. कागद आणि गाडी ह्यांची एकवाक्यता आहे किंवा नाही, एवढेच तपासनीस पाहतो. त्याला कान लागत नाहीत; मोजपट्टी लागते.

आणि मग येते ती सायलेन्सरची व्याख्या. वाहनाच्या धूरनळीचा आवाज कमी करणारा भाग, एवढे सांगून हा नियमसंग्रह थांबत नाही. आत येणाऱ्या नळीच्या छेदाच्या किमान १७० टक्के छेद सायलेन्सरला असला पाहिजे, त्यात ध्वनिशोषक द्रव्य असले पाहिजे, असे तो बजावतो. म्हणजे नळीचा व्यास ५० मिलिमीटर असेल तर सायलेन्सरचा व्यास सुमारे ६५ मिलिमीटरहून कमी चालणार नाही. एवढ्यावरही समाधान न मानता, सायलेन्सर नळीला जोडकाम करून बसविलेला असला तरी ती नळी सायलेन्सरचा भाग मानली जाणार नाही, असा खुलासा केलेला आहे. हा खुलासा करण्याची गरज का पडली असावी, हे मराठी भाषकास सहज कळेल.

कारण मराठीत नेमके हेच झाले आहे. इंजिनापासून मागील चाकापर्यंत जाणाऱ्या संपूर्ण नळीला मराठीत सायलेन्सर म्हणतात. 'सायलेन्सरचा चटका बसला' ह्या वाक्यातील सायलेन्सर बहुधा केवळ नळी असतो. अवयवाच्या नावाने अवयवीचा बोध होणे ही लक्षणेची सर्वपरिचित रीत आहे. इंग्लंडमध्ये ज्याला सायलेन्सर म्हणतात त्याला अमेरिकेत मफलर म्हणतात. आपल्याकडे पहिला शब्द मोटारीबरोबर आला आणि दुसरा गळ्याभोवती गुंडाळला गेला, ही गंमत सोडली तरी दोन्ही शब्दांत कर्तृत्वाचा अर्थ आहे : शांत करणारा, दाबून टाकणारा. मराठीत सायलेन्सर ह्या शब्दातून तो अर्थ निघून गेला. त्यामुळेच 'फटाका सायलेन्सर' असा शब्दप्रयोग विनासायास होऊ शकतो. बुलेटचा वेग अचानक कमी करताच फटाक्यासारखे आवाज काढणारी ती नळी होय. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा वदतोव्याघात आहे. बोलणाऱ्याला मात्र त्यात काहीच विसंगत वाटत नाही. 'शाई' ह्या शब्दाच्या मुळाशी फारसीतील काळेपणा आहे, तरी लाल शाई असते. 'तेल' तिळापासून निघाले, तरी लातूरच्या बाजारात करडईचे तेल मिळते. शब्दाचे मूळ बुजले की विरोधही बुजतो. उलट, आवाजाच्या बाबतीत मराठीने स्वतःचा जो शब्द घडविला तो अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. 'फटफटी' ह्या अनुकरणवाचक शब्दाने सबंध वाहनाला त्याच्या धूरनळीच्या ध्वनीवरून नाव दिले. शांततेचा दावा त्याने कधीच केला नाही.

ह्या पार्श्वभूमीवर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० वा नियम वाचावा. प्रत्येक मोटार वाहनास, शेतीच्या ट्रॅक्टरसुद्धा, एक साधन बसविलेले असावे. ते साधन प्रसरण-कक्षाच्या योगाने किंवा अन्य रीतीने, बाहेर पडणाऱ्या वायूंचा आवाज व्यवहारतः शक्य तितका कमी करणारे असावे. त्यासच सायलेन्सर म्हणावे, असा त्याचा आशय आहे. रॅलीची व्याख्या रूप आणि माप ह्यांवर उभी आहे, ही व्याख्या कार्यावर. जे आवाज कमी करीत नाही ते ह्या नियमाप्रमाणे सायलेन्सरच नव्हे. तेव्हा 'फटाका सायलेन्सर' लावणारा तरुण, कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर, वेगळा सायलेन्सर लावीत नाही; सायलेन्सर नसलेली गाडी चालवितो.

'शक्य तितका' ही पदावली मात्र संदिग्ध आहे, आणि म्हणूनच त्याच नियमात आकड्यांची जोड दिलेली आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत मर्यादा सांगितल्या आहेत : १७५ घन सेंटिमीटरहून मोठ्या दुचाकीस ८० डेसिबल, ८० ते १७५ पर्यंतच्या दुचाकीस ७७. रॅलीच्या नियमांत खुल्या रस्त्यावर १०३ डेसिबलपर्यंत मुभा होती हे वाचून सामान्य वाचक दचकेल. परंतु रॅलीचे मापन नळीच्या मुखापासून अर्ध्या मीटरवर होते, भारतीय चाचणीत ध्वनिग्राहक साडेसात मीटरवर असतो. अंतर पंधरापट झाले की मोकळ्या जागेत ध्वनीची पातळी सुमारे २३ डेसिबलने उतरते. एक चाचणी उभ्या गाडीची व दुसरी वेग घेत जाणाऱ्या गाडीची असल्याने हे आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत. तरीही वरवर दिसणारी तफावत ही बरीचशी अंतराची तफावत आहे, एवढे खरे. आकडा सांगून अंतर न सांगणे म्हणजे क्रियापद सांगून कर्ता गाळण्यासारखे आहे. वृत्तपत्रांत ही चूक वारंवार होते.

नांदेड (एम.एच. २६) आणि लातूर (एम.एच. २४) येथील दुचाकीचे नोंदणीपत्र हाती घेतले तर त्यात सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक, इंजिनाची क्षमता, इंधन, रंग इत्यादी तपशील आढळतो, सायलेन्सरचा उल्लेख आढळत नाही. रॅलीच्या प्रमाणपत्रकात नळीचे माप लिहिलेले असते, येथे 'मूळ' हे अलिखित आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास प्रतिबंध करते, आणि कारखान्याच्या मूळ वर्णनाला छेद देणारा बदल चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. तथापि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार 'बदल' म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलून टाकणारा रचनेतील फरक. केवळ सायलेन्सर बदलल्याने तसे होते काय, ह्याविषयी वाद घालता येईल. म्हणून रस्त्यावरील प्रकरणात अधिक निःसंदिग्ध आधार १९० व्या कलमाचा आहे. ध्वनी व वायुप्रदूषण ह्यांविषयीच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता सांगितली आहे. ही शिक्षा हलकी नव्हे; लोह्याहून किंवा अहमदपूरहून रोज दुचाकीने कामावर येणाऱ्याला परवाना जाणे म्हणजे रोजी जाणे होय.

लातुरात परीक्षांच्या तयारीसाठी राहणारे विद्यार्थी आणि नांदेडच्या रुग्णालयांतील रुग्ण ह्यांच्या बाजूने पाहिले असता ही कठोरता अनाठायी वाटत नाही. एकदांडी इंजिनाच्या आवाजातील खालच्या पट्टीचे स्वर भिंतींनी सहज अडत नाहीत. प्रश्न शिक्षेचा नाही; ज्याला ती होते त्याला अपराध कोणत्या शब्दांत सांगितला जातो, हा आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्यात आले. त्यासंबंधीच्या बातम्यांत 'मॉडिफाइड सायलेन्सर' हाच शब्द आढळतो. ह्या शब्दाने दोष फेरफारात आहे असे सुचविले जाते. मग कारखान्याचा, परंतु आतून गंजून फुटलेला सायलेन्सर निर्दोष ठरावा, आणि मर्यादेत आवाज करणारा दुसऱ्या बनावटीचा सदोष! नियमाचा रोख ह्याच्या नेमका उलट आहे. गॅरेजातील कारागीर जेव्हा 'कंपनीचाच सायलेन्सर आहे, फक्त आतले काढले' असे सांगतो, तेव्हा तो लबाडी करतोच असे नाही. तो मराठीतील अर्थाने खरे बोलत असतो. रॅलीच्या 'एन' वर्गात त्याचे म्हणणे चाललेही असते, पण तेथेही शेवटच्या अटीपाशी, देशाच्या कायद्यापाशी, येऊन अडले असते.

शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत मानक ६ नंतरच्या दुचाकींत विषारी वायूंचे रूपांतर करणारा उत्प्रेरक ह्याच नळीत बसविलेला असतो. नळी काढली की आवाजाबरोबर तोही जातो. 'सायलेन्सर' ह्या नावात त्याची सूचना कोठेच नाही.

सूचनाफलक लिहिणाऱ्याने म्हणूनच वस्तूचे नाव घेण्याऐवजी तिचे कार्य सांगावे हे इष्ट. 'मॉडिफाइड सायलेन्सर लावण्यास मनाई' ह्यापेक्षा 'धूरनळीचा आवाज ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढेल असा कोणताही बदल करू नये; नळीतील आवाज व धूर कमी करणारे भाग काढू नयेत' हे वाक्य लांब आहे, पण कारागिराला आणि गाडीवाल्याला एकाच अर्थाने कळेल. त्यात 'अनुज्ञप्ती' सारखा शब्द घालण्याचा मोह मात्र टाळावा. मराठवाड्यात 'परवाना' आणि 'मनाई' हे शब्द निजामी अमदानीपासून दफ्तरांत आणि लोकांच्या तोंडी आहेत, आणि त्यांचा अर्थ विचारण्याची पाळी कोणावर येत नाही.