तारखेचा रकाना : दिवस, क्षण आणि ठिकाण

निबंध स्पर्धा, कथा स्पर्धा, चर्चासत्राची नोंदणी, साहित्यिकांची सूची अशा बहुतेक कामांसाठी आता कागदी अर्जाऐवजी ऑनलाइन अर्ज भरून घेतला जातो. अर्जाची तांत्रिक बाजू एखादा संगणकाचा विद्यार्थी किंवा एखादी तयार सेवा सांभाळते. पण कोणते रकाने ठेवायचे, त्यांना नावे काय द्यायची आणि सूचना कशा लिहायच्या, हे बहुधा आपल्यासारखी भाषेची माणसे ठरवतात. इंदूरमध्ये अशा अर्जांचे मसुदे करण्याचे आणि आलेल्या याद्या तपासण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे. नाव, पत्ता, शाळा या रकान्यांपेक्षा तारखेच्या रकान्यात अधिक घोळ होतात, असा माझा अनुभव आहे.

याचे मूळ कारण भाषेचे आहे. ‘तारीख’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी लिहीत असतो. पहिली म्हणजे नुसता दिवस. जन्मतारीख किंवा पुस्तकाचा प्रकाशनदिन जगाच्या पाठीवर कुठूनही पाहिला तरी तोच राहतो. दुसरी म्हणजे क्षण. अर्ज पोहोचला तो क्षण किंवा मुदत संपते तो क्षण साऱ्या जगासाठी एकच असतो. ठिकठिकाणच्या घड्याळांत त्याचे आकडे मात्र वेगळे दिसतात. तिसरी म्हणजे एखाद्या ठिकाणच्या घड्याळातील ठरलेली वेळ. उदाहरणार्थ, दर शनिवारी संध्याकाळी ७ वाजता होणारे व्याख्यान. संगणकाला हा फरक आपणहून कळत नाही. तो सांगितला नाही, तर खरी माहिती भरणाऱ्याची नोंद खोटी ठरते आणि त्याचा तोटा त्यालाच सोसावा लागतो.

आधी दिवस की आधी महिना?

०३/०४/२०२५ ही तारीख आपण ३ एप्रिल अशी वाचतो, तर अमेरिकेत वाढलेले मूल ती ४ मार्च अशी वाचते. दिवसाचा आकडा १२ च्या पुढे असला की चूक लगेच लक्षात येते, कारण तेरावा महिना नसतो. पण प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस या पेचात सापडतात. असे एकूण १४४ दिवस होतात. त्यांतून १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च असे दोन्हीकडून सारखेच वाचले जाणारे १२ दिवस वगळले, तरी वर्षातील १३२ तारखा दोन प्रकारे वाचता येतात.

यावर तोडगा म्हणून १९८८ मध्ये ‘आयएसओ ८६०१’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात मोठ्याकडून लहानाकडे असा क्रम आहे : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२५-०४-०३. अशा तारखा नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी आपोआप कालक्रमाने लागतात. संगणकात साठवण्यासाठी हेच रूप योग्य. माणसाला दाखवताना मात्र महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे : ३ एप्रिल २०२५. साठवण्याचे रूप एक आणि दाखवण्याचे रूप दुसरे, एवढे ठरवले तरी अर्धे घोळ संपतात.

येथे एक बारकावा आहे. ब्राउझरमध्ये तारखेसाठी जो तयार रकाना असतो, तो भरणाऱ्याच्या यंत्रातील भाषेप्रमाणे दिवस-महिन्याचा क्रम दाखवतो. सर्व्हरकडे मात्र नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने तारीख पाठवतो. म्हणून अशा रकान्याशेजारी ‘आधी दिवस, मग महिना लिहा’ अशी सूचना छापू नये. एखाद्याच्या पडद्यावर महिना आधी दिसत असेल, तर सूचना आणि रकाना यांचा मेळ बसणार नाही.

देवनागरी अंक

आपले अनेक ज्येष्ठ लेखक फोनवर मराठी कळफलक वापरतात आणि तारीख १५-०८-१९५२ अशी देवनागरी अंकांत लिहितात. साध्या मजकुराच्या रकान्यात तारीख मागितलेली असली, तर पुष्कळ अर्ज अशा वेळी ‘अवैध दिनांक’ म्हणून थांबतात. लेखक पुन्हापुन्हा तेच लिहितो आणि शेवटी अर्ज सोडून देतो. त्याने लिहिलेले बरोबरच असते; अडचण तपासणीच्या नियमात असते. जावास्क्रिप्ट या भाषेतील ‘अंक’ तपासण्याचे चिन्ह फक्त रोमन लिपीबरोबर चालणारे अंक ओळखते. पायथॉन ३ मध्ये तेच चिन्ह देवनागरी अंकही ओळखते. युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांना सलग जागा आहेत, त्यामुळे एका प्रकारचे अंक दुसऱ्या प्रकारात बदलणे दोन-तीन ओळींचे काम आहे. निरनिराळ्या भाषांत तारीख कशी दाखवावी याची जी माहिती युनिकोड संस्था ठेवते, तिच्यात मराठीसाठी देवनागरी अंक हेच मूळ अंक धरले आहेत. तेव्हा अर्ज तयार करून देणाऱ्याकडे ही सोय मागण्यात आपण काही जगावेगळे मागत नाही.

जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

एका शालेय निबंध स्पर्धेची यादी तपासताना काही मुलांच्या जन्मतारखा शाळेच्या दाखल्यापेक्षा एक दिवस आधीच्या निघाल्या. त्यांत १ जानेवारीला जन्मलेली एक मुलगी होती. यादीत तिचा जन्म आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचा दिसत होता, त्यामुळे ती वयोगटाबाहेर गेली होती. शिक्षिकेने अर्ज अचूक भरला होता. मग तारीख बदलली कुठे?

संगणक सहसा क्षणाची नोंद जागतिक समन्वित वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये करतो. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. अर्जाने १ जानेवारी ही तारीख ‘१ जानेवारीची मध्यरात्र’ अशी धरली आणि यूटीसीत बदलली, की ती ३१ डिसेंबरची संध्याकाळ, साडेसहा वाजता, अशी होते. नंतर कोणी वेळ छाटून नुसती तारीख ठेवली, की वर्षच बदलते. अमेरिकेत याच्या उलट घडते. जावास्क्रिप्ट ‘२०१०-०१-०१’ अशी नुसती तारीख यूटीसीतील मध्यरात्र म्हणून वाचते. न्यू जर्सीच्या घड्याळात तो क्षण ३१ डिसेंबर २००९, संध्याकाळचे ७ असा दिसतो.

उपाय सोपा आहे. जन्मतारखेला वेळही नको आणि प्रमाणवेळेचा पट्टाही नको. डेटाबेसमध्ये नुसत्या तारखेसाठी वेगळा प्रकार असतो, तोच वापरावा. हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला एकच वाक्य सांगावे : जन्मतारीख हा दिवस आहे, क्षण नाही.

मुदत कधी संपते?

मुदत मात्र क्षणच असते. ‘प्रवेशिका ३१ जानेवारीला रात्री १२ पर्यंत पाठवाव्यात’ ही सूचना आपण सर्रास लिहितो. ३१ जानेवारी सुरू होते ती मध्यरात्र, की संपते ती? दोन्ही अर्थ निघतात आणि त्यांत पूर्ण एका दिवसाचे अंतर आहे. अर्जावर असे लिहावे : ‘शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५, रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत, भारतीय प्रमाणवेळेनुसार’. वार लिहिल्याने तारखेतील छपाईची चूकही पकडता येते.

शेवटचे दोन शब्द परदेशातील मराठी माणसांसाठी आवश्यक आहेत. वरील क्षणी लंडनमध्ये संध्याकाळचे ६ वाजून २९ मिनिटे झालेली असतात आणि न्यू जर्सीत दुपारचे १ वाजून २९ मिनिटे. तेथील कथालेखिकेच्या घड्याळात ३१ जानेवारी संपायला अजून साडेदहा तास असतात. सूचनेत प्रमाणवेळ नसेल, तर तिने संध्याकाळी पाठवलेली कथा उशिरा आली म्हणून परत जाते. शिवाय ‘आयएसटी’ असे संक्षिप्त रूप वापरू नये. आयर्लंड आणि इस्रायल यांच्या वेळेसाठीही तीच अक्षरे वापरली जातात.

व्याख्यानाची वेळ

दर शनिवारी संध्याकाळी ७ वाजता ऑनलाइन व्याख्यानमाला असेल, तर लंडनच्या श्रोत्याला ती हिवाळ्यात दुपारी दीड वाजता आणि उन्हाळ्यात अडीच वाजता ऐकता येते. न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळी साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ. आपले घड्याळ वर्षभर तेच राहते. तिकडची घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे केली जातात. त्यांचे दिवसही सारखे नाहीत. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी.

म्हणून श्रोत्याच्या नोंदणीत ‘यूटीसीपेक्षा इतके तास मागे’ असा आकडा साठवून भागत नाही. वर्षातून दोनदा तो बदलतो. त्याऐवजी गावाचे नाव साठवावे. जगभरच्या प्रमाणवेळांचा जो सामायिक कोश संगणक वापरतात, त्यात प्रत्येक पट्ट्याला शहरावरून नाव दिलेले असते. आपल्या पट्ट्याचे नाव ‘आशिया/कोलकाता’ असे आहे. अर्जाच्या यादीत ‘भारत’ शोधून न सापडल्यामुळे गोंधळणाऱ्यांना हे सांगून ठेवावे.

गावावरून वेळ ओळखणे आपल्याला नवे नाही. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्यानंतरही मुंबईत कित्येक दशके ‘बॉम्बे टाइम’ चालू राहिला. तो प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होता. त्या काळातील एखाद्या सभेची किंवा जन्माची वेळ नोंदवताना ती कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न आजही विचारावा लागतो.

अपुरी तारीख आणि दुसरी पंचांगे

साहित्यिक सूचीच्या अर्जात पूर्ण जन्मतारीख सक्तीची ठेवली, की लोक काहीतरी भरून मोकळे होतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिला, म्हणून कागदोपत्री १ जूनला जन्मलेली माणसे आपल्या ओळखीत असतातच. ऑनलाइन अर्जात त्यांच्या जोडीला १ जानेवारीवाले येतात. कधी तर रिकाम्या रकान्यात संगणक स्वतःच १ जानेवारी १९७० लिहितो, कारण अनेक प्रणालींची कालगणना तेथून सुरू होते. म्हणून अशा सूचीत वर्ष, महिना आणि दिवस असे तीन वेगळे रकाने ठेवावेत आणि महिना व दिवस ऐच्छिक असावेत. ‘आयएसओ ८६०१’ मध्ये नुसते वर्ष, किंवा नुसते वर्ष आणि महिना लिहिण्याची मुभा आहे.

जुन्या पुस्तकांवर शके असतो. शके १८२५ म्हणजे १९०३ असे आपण ७८ मिळवून सांगतो. पण ते वर्ष चैत्रात सुरू होऊन १९०४ च्या मार्चपर्यंत चालते. महिना दिलेला नसेल, तर १९०३-०४ असेच लिहावे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या गावांत आणखी एक पेच आहे. गोकुळाष्टमी आपल्या पंचांगात श्रावण वद्य अष्टमीला येते; इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी पंचांगात तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमीचा असतो. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. वडोदऱ्यात विक्रम संवत दिवाळीनंतर बदलते, त्यामुळे चैत्र ते दिवाळी या काळात तेथील आकडा उत्तरेपेक्षा एकाने कमी असतो. तेव्हा आजोबांच्या वहीतील तिथी इंग्रजी तारखेत बदलून मूळ नोंद टाकून देऊ नये. ‘मूळ कागदावर जसे लिहिले आहे तसे’ असा मजकुराचा एक रकाना असावा आणि ती नोंद कोणत्या गावची, हेही विचारावे.

अर्ज खुला करण्यापूर्वी

अर्ज तयार झाल्यावर शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तो तपासून घ्यावा. वर्गात हा तासाभराचा चांगला उपक्रम होतो. जन्मतारीख १ जानेवारी भरावी आणि यादीत वर्ष तेच राहिले का, ते पाहावे. ३ एप्रिल भरून ४ मार्च तर झाला नाही ना, ते पाहावे. २९ फेब्रुवारी २०२४ स्वीकारली गेली पाहिजे आणि २९ फेब्रुवारी २०२५ नाकारली गेली पाहिजे. तारीख देवनागरी अंकांत लिहून पाहावी. शेवटी फोनची प्रमाणवेळ न्यूयॉर्कची करून अर्ज पुन्हा उघडावा आणि मुदतीचा क्षण तेथील घड्याळात बरोबर दिसतो का, हे पडताळावे. चूक सापडली तर ती तंत्रज्ञाला सांगताना दिवस, क्षण आणि ठिकाणची वेळ हे तीन शब्द वापरावेत. बहुतेक वेळा तेवढ्यावर दुरुस्ती होते.