ठिपक्यांवरून पटणारी मुशीची ओळख

व्हेल शार्क ही जगातील सर्वांत मोठी मुशी असून तिला भारतात 2001 पासून कायद्याचे संरक्षण आहे. अशी संरक्षित मुशी जाळ्यात अडकल्यास जाळे कापून तिला सोडणाऱ्या मच्छीमाराला, महाराष्ट्र राज्याच्या कांदळवन कक्षाने व मत्स्यव्यवसाय विभागाने 2018 मध्ये सुरू केलेल्या योजनेतून भरपाई मिळते आणि त्यासाठी सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत हा पुरावा ठरतो. अशा चित्रफिती समाजमाध्यमांवरून समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जामखेडसारख्या गावातील मोबाइलवरही पोचू शकतात.

संशोधकाला त्यात दिसते ती एका विशिष्ट मुशीची ओळख. कल्ल्यांच्या, म्हणजे श्वसनाच्या चिरांच्या, मागे डाव्या कुशीवर असलेल्या पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक मुशीत वेगळी असते. ती जुळवण्याची रीत मात्र खगोलशास्त्रातून आली, ही गोष्ट मोठी विलक्षण आहे. एडवर्ड ग्रोथ यांनी 1986 मध्ये तारकाचित्रे जुळवण्यासाठी दर तीन ताऱ्यांचा त्रिकोण कल्पून त्याच्या बाजूंचे गुणोत्तर पाहण्याची पद्धत मांडली. चित्र लहानमोठे झाले वा फिरले तरी हे गुणोत्तर बदलत नाही. झावेन आर्झुमानियन, जेसन होमबर्ग आणि ब्रॅड नॉर्मन यांनी 2005 मध्ये तीच पद्धत मुशीच्या ठिपक्यांना लावली, त्यामुळे पर्यटकाने सहज टिपलेल्या छायाचित्रावरूनही तीच मुशी वर्षांनंतर ओळखता येऊ लागली.

तथापि, या साधनाचा गाजावाजा तपासूनच घ्यायला हवा. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र नेहमीच्या रीतीने पाठवले, की त्यातील स्थळकाळाची अंतर्गत नोंद गळून पडते, आणि स्थळकाळ नसलेले चित्र मुशीच्या प्रवासाविषयी काहीही सांगू शकत नाही. शिवाय नोंदी वाढल्या म्हणजे मुशी वाढल्या असे नव्हे, कारण त्यामागे केवळ मोबाइलची वाढही असू शकते. जिथे नौका जात नाहीत तिथली मुशी नोंदीबाहेरच राहते.

म्हणून निरीक्षकाला शिकवणे महत्त्वाचे ठरते, आणि शिकवल्यास सामान्य माणूसही मोठे काम पेलतो हे त्याच जामखेडने दाखवले आहे. डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात अनेक निरक्षर स्त्रियांनी प्रशिक्षणानंतर गावाच्या आरोग्याची जबाबदारी समर्थपणे पेलली. मच्छीमारांवर तसाच विश्वास टाकून संशोधनाच्या श्रेयातही त्यांना वाटा द्यायला हवा. आणि वाचकांनी अशी चित्रफीत पुढे ढकलण्यापूर्वी ती मूळ कोणी, कुठे व केव्हा टिपली हे विचारून सोबत लिहावे, तर मच्छीमारांनी छायाचित्रासाठी मुशीला क्षणभरही अडवून ठेवू नये.